ओबेड क्रमची पाठ

बीचफोर्डच्या चौकातल्या खांबाला ओबेड क्रमला बांधून झालं होतं, अंगातला सदरा उतरवून झाला होता आणि शेरीफ बाह्या वर सारत होता, तेवढ्यात जज्ज लेम्युएल हॅचर्डची घोडी चौकात शिरली.

घोडी पोटापर्यंत चिखलाने माखली होती आणि जज्जसाहेब कमरेपर्यंत. मागून चार वकील, तेही तसेच. ओहायो नदीच्या अलीकडच्या या नव्या राज्यात न्याय यायचा तो असा, वर्षातून दोनदा, घोड्यावर बसून, शिंकत. फटके मारायचे ते कोर्ट भरायच्या दिवशीच, अशी पद्धत होती. चार गावची माणसं कामासाठी आलेली असत, त्यांना फुकटात तमाशाही बघायला मिळे.

"थांब रे," हॅचर्ड घोडीवरूनच ओरडला. "काय चाललंय?"

"आटोपतोच, साहेब. वीसच तर आहेत," शेरीफ म्हणाला. "डुक्कर चोरलंय यानं. स्कोव्हिलचं."

"ज्युरीत कोण कोण होतं?"

शेरीफने चाबूक या हातातून त्या हातात घेतला. "ज्युरी कुठली आलीय, साहेब? आपल्या मॅजिस्ट्रेट व्हिपलनं एकट्यानं निकाल दिला. कायदाच आहे ना तसा." मग त्याला राहवलं नाही. "तुमचाच की हो तो."

चौकात हशा पिकला. वकीलही हसले. हसले नाहीत ते दोघेच, खांबाला बांधलेला ओबेड आणि घोडीवरचा हॅचर्ड.

शेरीफ खोटं बोलत नव्हता. हॅचर्ड वकिली करत होता तेव्हा डुकराच्या चोरीवरून या मुलखात बंदुका निघायच्या. पकडलेला माणूस कोर्ट येईपर्यंत लाकडी ओंडक्यांच्या कोठडीत सहा सहा महिने कुजत पडायचा. एका अशिलाची पायाची बोटं तिथल्या थंडीने गळालेली त्याने स्वतः पाहिली होती. विधिमंडळात निवडून गेल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर कायदा लिहिला: डुकराच्या चोरीचा निकाल गावच्या मॅजिस्ट्रेटने एका बैठकीत द्यावा, ज्युरीसाठी खोळंबू नये. सभासदांनी बाकं बडवली. त्याचा जिवलग दोस्त जोथम पेल त्याला खांद्यावर घेऊन खानावळीपर्यंत नाचत गेला होता. त्याच कायद्याच्या पुण्याईवर विधिमंडळाने पुढे त्याला जज्ज नेमलं. म्हणजे खुर्ची उभी होती ती या कायद्यावर, हे उघड होतं.

आणि आता तोच कायदा उघड्या पाठीने थंडीत कुडकुडत त्याच्याकडे बघत होता. हॅचर्डला मनस्वी शरम वाटली, आणि शरम वाटली की तो भडकायचा.

"सोड त्याला," तो म्हणाला. "आणि आधी सदरा दे. माणूस आहे तो, सोललेला ससा नव्हे."

"पण साहेब, कायदा..."

"कायदा काय म्हणतो ते आत बसून सांगतो. सोड."

कोर्ट म्हणजे ओंडक्यांचीच एक मोठी खोली होती. जज्जाची खुर्ची डाव्या पायाने डुगडुगायची. टेबलावर पुरावा आणून ठेवला होता, मिठात मुरवलेलं डुकराचं मुंडकं, कानासकट.

बीचफोर्डच्या आसपास डुकरं जंगलात मोकळी सोडलेली असत. ओक आणि बीचच्या झाडांची फळं खाऊन ती लठ्ठ होत आणि कुठलं डुक्कर कुणाचं हे कळायचं ते कानावरून. ज्याने त्याने आपली खूण ठरवून घेतलेली असे. स्कोव्हिल डाव्या कानाचं टोक सरळ कापायचा. ओबेड त्याच टोकाला खाच मारायचा, पाकोळीच्या शेपटीसारखी. टेबलावरच्या मुंडक्याचा डावा कान टोकाला सरळ होता, आणि ते मुंडकं सापडलं होतं ओबेडच्या खोपटात. एलिशा व्हिपल हा गावचा मॅजिस्ट्रेट समुद्रकाठच्या शहरातून येऊन इथे कापडाचं दुकान घालून बसला होता. त्याने कान पाहिला, स्कोव्हिलची खूण पाहिली, आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं म्हणून झटपट वीस फटके सांगून मोकळा झाला.

"अहो जज्जसाहेब, तो कान कापलेला नाही, गळालाय!" मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला. "मागच्या हिवाळ्यात हिमानं खाल्लाय. कड बघा की, कशी जाड झालीय. केस नाहीत तिथे."

"आजोबा, गप्प बसा, नाहीतर शेरीफला सांगून बाहेर काढीन," हॅचर्ड म्हणाला. पण कान त्यालाही दिसत होता. पाच डुकरं पाळलेल्या कुणालाही दिसला असता.

सुटकेची वाट समोर मोकळी होती. कान हिमाने खाल्लाय, आरोपी निर्दोष, पुढचा खटला. ओबेड घरी गेला असता, व्हिपलची जराशी फजिती झाली असती, कायदा जागच्या जागी राहिला असता आणि हॅचर्डही. सरकारी वकिलाने तर टेबलाखालून पायाने खूणही केली, की साहेब, एवढंच बोला.

हॅचर्डने मुंडक्यावर फडकं टाकायला लावलं.

"मी हा कान बघणार नाही," तो म्हणाला. "कान बघायचं काम माझं नाही आणि व्हिपलचंही नाही. या राज्याच्या घटनेत लिहिलंय की माणसाला शिक्षा व्हायची तर आधी ज्युरीपुढे त्याची सुनावणी झाली पाहिजे. त्याच्या बरोबरीची बारा माणसं. माझ्या कायद्याने ती बारा माणसं काढून टाकली. तेव्हा तो कायदा नव्हेच. कधी नव्हताच. मी लिहिला म्हणून तो कायदा होत नाही. शेरीफ, बारा जणांना बोलाव."

बारा जण आले. त्यांनी मुंडकं बाहेर उजेडात नेलं, कानाच्या कडेवरून अंगठे फिरवले आणि आत येऊन सांगितलं की माणूस निर्दोष आहे, आणि व्हिपलने कापडच मोजावं. ओबेड क्रम हा मुळात न बोलणारा माणूस. तो जज्जासमोर येऊन उभा राहिला, टोपी दोनदा फिरवली आणि "बरं मग" एवढंच म्हणून निघून गेला.

बातमी हॅचर्डच्या घोडीपेक्षा जोरात राजधानीत पोचली. लोकांनी निवडून दिलेल्यांनी कायदा करायचा आणि एका जज्जाने तो खुर्चीत बसून पुसून टाकायचा? हा कोण मोठा लागून गेला? स्कोव्हिल आणि व्हिपल यांनी तक्रार केली आणि विधिमंडळाने ती उचलून धरली. हॅचर्डला पदावरून काढण्यासाठी सिनेटपुढे खटला उभा राहिला.

जानेवारीत, नदीसुद्धा गोठली होती तेव्हा, जोथम पेल त्याच्या घरी आला. तो आता सिनेटर होता. केझायाने, हॅचर्डच्या बायकोने, त्याच्यापुढे मक्याची भाकरी आणि खारवलेलं मांस ठेवलं. त्याने पोटभर खाल्लं, पाय शेकोटीकडे पसरले आणि मग मुद्द्यावर आला.

"लेम, तुला वाचवायला आलोय. एक ओळ लिहून दे. ओबेडला सोडला तो कानामुळे, आणि कायद्याबद्दल जे बोललो ते बोलण्याच्या भरात बोललो. बास. सगळे गप्प बसतील."

"भरात नव्हतो बोललो. सर्दी झाली होती, पण शुद्धीवर होतो."

"अरे, तू म्हणतोस ते बरोबर असेलही! पण सरळ तोंडावर सांगायचं असतं का? कायदा तुझा, तो मंजूर केला आम्ही. तूच आमचं नाक कापतोस?"

"मी माझंही कापलंय, जोथम. तेवढं तरी बघ."

"आणि काय मिळालं? तो क्रम तर कानावरच सुटला असता."

"सुटला असता. पुढच्याच्या डुकराचा कान हिमानं खाल्लेला नसेल. मग त्याला कोण सोडवणार? मी काय दर वेळी एक एक कान शोधत बसू?"

जोथमने शेकोटीकडे पसरलेले पाय आखडून घेतले. "हे बघ," तो म्हणाला, "तू पडलास तर तुझ्या जागी कुणीतरी बसणारच. लोक माझं नाव घेतायत. मला नको आहे रे ते."

"असं?" केझाया ताटली उचलता उचलता म्हणाली. "मग नको म्हणून सांगा की त्यांना, भाऊजी. तोंड आहे ना तुम्हाला? आत्ता तर चांगलं चालत होतं."

जोथम लाल झाला. जाताना त्याने हॅचर्डचा हात हातात घेतला आणि पुन्हा एकदा म्हणाला, "एक ओळ, लेम."

दार लागल्यावर हॅचर्ड मटकन बसला. दुसऱ्यासमोर ताठ राहणं सोपं होतं. बायकोसमोर त्याला खरी भीती वाटली. वकिलीची सुरुवातीची वर्षं तिनेच काढली होती. फीबद्दल कुणी मक्याची कणसं द्यायचं, कुणी एखादी कोंबडी, आणि कुणी नुसताच आशीर्वाद.

"केझी, खुर्ची जाईल गं," तो म्हणाला.

"जाऊ दे. बसायला घरात बाकं आहेत." तिने भांडी दाणकन ठेवली. "मला एक सांगा, तुम्ही ती ओळ लिहून दिलीत, तर उद्यापासून या घरात तोंड कुठे लपवून बसणार आहात? घर दोन खोल्यांचं आहे आणि मी दोन्हीत असते."

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओळ काही लिहिली गेली नाही.

सिनेटचं दालन त्याच्या ओळखीचं होतं. इथेच बाकं बडवली होती त्यांनी त्याच्यासाठी. आता त्याला मधोमध एका साध्या खुर्चीवर बसवलं होतं. तो उभा राहिला.

"माझ्यावर आरोप आहे की मी तुमचा कायदा मोडीत काढला," तो म्हणाला. "काढला. उद्या पुन्हा समोर आला तर पुन्हा काढीन. तो मी लिहिला तेव्हा मला कोठडीतला गोठलेला माणूस दिसत होता, खांबाला बांधलेला दिसत नव्हता. आता तोही पाहिलाय. तुम्ही नाही पाहिला, म्हणून सांगायला आलोय."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी "माफी माग आणि बस" असं पुटपुटलं.

"माफी? मागायची तर ओबेड क्रमची मागेन, तुमची का मागू?" आता त्याचा आवाज चढला होता. "गृहस्थहो, तुम्ही माझी खुर्ची काढून घ्यायला बसलात, आणि बघा तरी किती थाटात! आरोप लेखी दिलात. साक्षीदार बोलावलेत. मला वकील हवा का विचारलंत. निकाल द्यायला दालनभर माणसं बसवलीत. चांगलं केलंत, असंच करायला हवं. पण हे सगळं कशासाठी, तर एका लाकडाच्या खुर्चीसाठी. ओबेड क्रमच्या पाठीसाठी तुम्हाला एक कापडवाला पुरला!"

पुढच्या बाकांवरच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. हॅचर्डला वाटलं, लागलं हे त्यांना. लागलंच होतं, पण अंगाला लागलेलं बोलणं माणूस दर वेळी कबूल करतो असं नाही, काही जण त्याचा वचपा काढतात.

नावं पुकारली गेली. दोषी, निर्दोष, निर्दोष, दोषी. काढून टाकायला दोनतृतीयांश मतं लागत. जोथमचं नाव आलं तेव्हा ती भरायला एकच मत कमी होतं, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी सगळ्यांनी निर्दोष म्हटलं. म्हणजे फिरलं सगळं त्याच्या एकट्याच्या तोंडावर. तो उठला, हॅचर्डकडे न बघता छताच्या तुळईकडे बघितलं आणि म्हणाला, "दोषी."

खांद्यावर घेऊन नाचलेला माणूस तो. बाहेर पडताना हॅचर्ड त्याच्या बाकापाशी थांबला. पुढचा जज्ज कोण होणार हे सगळ्या राजधानीला ठाऊक होतं.

"बीचफोर्डची खुर्ची डाव्या पायानं डुगडुगते," तो म्हणाला. "पाचर मार. नाहीतर झोप लागायची नाही तुला तिच्यात."

आणि तो घरी गेला, दारावर पुन्हा वकिलीची पाटी लावली.

तो हिवाळा असा होता की म्हाताऱ्यांनाही आठवेना. गायी उभ्या उभ्या मेल्या. जंगलातल्या डुकरांचे कान तर सरसकट झडले, आणि बर्फ वितळल्यावर जो तो हैराण झाला, कारण ज्याच्या त्याच्या डुकराचा कान स्कोव्हिलच्या खुणेसारखा दिसायला लागला. स्कोव्हिल आपली डुकरं गोळा करायला गेला की शेजारी दात ओठ खात बघत.

त्यात व्हिपल. मुंडक्याच्या प्रकरणापासून तो दुकानात उभा राहिला की गिऱ्हाइकं कापडाची कड अंगठ्याने चाचपून म्हणत, "का हो, कापलंय की गळालंय?" बिचारा इतका पोळला होता की आता प्रत्येक कानात त्याला हिमच दिसायचं. ट्यूल नावाच्या शेतकऱ्याने तक्रार केली की स्कोव्हिलने माझी डुकरीण नेली. व्हिपलने कान पाहिला, मान डोलावली, "हिम," म्हणाला आणि एका बैठकीत स्कोव्हिलला वीस फटके सांगून टाकले.

स्कोव्हिल हॅचर्डच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याची टोपी हातात होती आणि नजर जमिनीवर.

"साहेब, कान मीच कापलाय हो. माझ्या हातानं. आईशप्पथ."

"माझ्याविरुद्ध तक्रार कुणी केली होती रे?"

"मी."

"मग माझ्याकडे कशाला आलास? जोथम पेलकडे जा. तुझ्या कृपेनं बसलाय तो तिथे."

स्कोव्हिल एक पाऊल पुढे आला. "बायकोसमोर, पोरांसमोर बांधतील मला, साहेब."

आतून केझायाचा आवाज आला, "अहो, त्याला आत तरी घ्या. छळायचंय तर बसवून छळा."

हॅचर्डने त्याला आत घेतलं. मनातल्या मनात त्याला गंमतही वाटत होती आणि रागही येत होता. पुढच्या माणसासाठी खुर्ची घालवली खरी, पण तो पुढचा माणूस स्कोव्हिल निघावा!

वसंतात कोर्ट बीचफोर्डला आलं. जज्ज आणि वकील एकाच खानावळीत उतरायचे, पलंग एकच असायचा आणि तो जज्जाचा. हॅचर्ड बाकीच्या वकिलांबरोबर जमिनीवर झोपला आणि सकाळी मोठ्याने म्हणाला की पाठ इतकी सरळ झालीय की काय सांगू. जोथम पेलने भाकरीवरून डोळे वर केले नाहीत.

कोर्टात ट्यूलची डुकरीण टेबलाच्या पायाला बांधली होती. खिडकीतून फटक्यांचा खांब दिसत होता, आणि दोर घेऊन शेरीफही.

"बोला, वकीलसाहेब," जोथम म्हणाला.

"माझ्याकडे नवीन काही नाही," हॅचर्ड म्हणाला. "जे होतं ते सिनेटमध्ये बोललो. आपण तिथे हजर होतात. आरोपीला ज्युरी हवी आहे."

"कायदा ज्युरी देत नाही."

"घटना देते. मला काढलंत, जज्जसाहेब, घटनेतलं ते वाक्य नाही काढलंत. मी रात्रीच बघून घेतलं, आहे तिथेच आहे."

मागे खसखस पिकली. जोथमने हातोडी आपटली. मग तो पुढे वाकला आणि एकदम जुन्या आवाजात, फक्त हॅचर्डला ऐकू जाईल असं बोलला. "लेम, मी ज्युरी बोलावली तर ते मलाही तिथे नेऊन बसवतील. तुझ्यासारखं."

"नेतील," हॅचर्ड तितक्याच हळू म्हणाला. "मी येईन तुझा वकील म्हणून. फी नको. आणि मी तुळईकडे बघून बोलणार नाही."

जोथम मागे टेकला. खुर्ची डुगडुगली नाही. पाचर मारलेली होती. त्याने एकदा खिडकीबाहेर खांबाकडे पाहिलं, एकदा स्कोव्हिलकडे. स्कोव्हिलने दोन्ही हातांनी आपला सदरा छातीशी घट्ट धरला होता, जणू आत्ताच कुणी तो उतरवणार होतं. डुकरीण टेबलाचा पाय हुंगत होती.

"शेरीफ," जोथम शेवटी म्हणाला. "तो दोर खाली ठेव. बारा जणांना बोलाव."

हॅचर्डने डोळे मिटले आणि उघडले. जिंकल्यासारखं त्याला वाटलं नाही. जानेवारीत एकट्याने उचललेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकाने धरलं, एवढं मात्र वाटलं.

शेरीफने चौकात उभ्या असलेल्यांतून माणसं आत ढकलायला सुरुवात केली. पहिलाच आत आला तो ओबेड क्रम. स्कोव्हिलचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याने हॅचर्डची बाही खेचली. "साहेब, हा नको! हा मला सोडील का?"

"या ज्युररला बचावपक्षाची हरकत आहे?" जोथमने विचारलं.

हॅचर्डने ओबेडकडे पाहिलं. ओबेड नेहमीसारखाच निर्विकार उभा होता, टोपी हातात.

"हरकत नाही," हॅचर्ड म्हणाला.

ओबेड ज्युरीच्या बाकावर गेला, बसला, आणि एकही वळ नसलेली आपली पाठ सावकाश मागच्या ओंडक्यांना टेकवली. मग डुकरिणीकडे बोट केलं.

"हं," तो म्हणाला. "आणा बघू तो कान इकडे उजेडात."